टोपी मी लावली

माय,

आज कचेरीतला एक कारकून घर बघून गेला. धानाच्या राखणीसाठी मी माझ्या नावाने बंदुकीचा परवाना मागितला आहे, आणि माझ्या नवऱ्याकडे त्याच्या नावाची बंदूक आधीपासून आहे, म्हणून दोन्ही कुठे राहतील ते त्याला पाहायचं होतं. एकाचं हत्यार दुसऱ्याच्या हाती सापडलं तर दोघांचेही परवाने जातील, असं तो पान चघळत मला समजावत होता. मी मान हलवत होते आणि माझे कान मात्र मागच्या दाराकडे होते, आता तू पदर खोचत येशील आणि त्याला दोन शब्द सुनावशील म्हणून. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझं हे असंच होतं. त्याला दोन खोल्या दाखवल्या, दोन कुलपं दाखवली, चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग तुला लिहायला बसले.

आपल्या नागपूरच्या घरात दोन बंदुका होत्या याचं साऱ्या गल्लीला नवल होतं. बाबांची दुनळी. लाकडाच्या ठेक्यासाठी त्यांना जंगलात राहावं लागे, म्हणून मिळालेली. ती मधून मोडायची, आत डोकावलं की भरलेली की रिकामी ते डोळ्यांना दिसायचं. तुझी ठासणीची. तुझ्या वडिलांना मुलगा नव्हता, त्यांनी रामटेकजवळच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, तुझ्या नावाने करून दिली आणि रानडुकरांसाठी परवानाही तुझ्याच नावाने निघाला. तिच्या नळीत पुढून दारू आणि छर्रे गजाने ठासायचे, आणि मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. त्या टोपीवर घोडा आपटला की बार उडायचा. टोपी नसली तर ती बंदूक म्हणजे नुसतं लाकूड आणि लोखंड.

ठाणेदाराने पहिल्याच तपासणीत बजावलं होतं की ज्याची बंदूक त्याच्याच कुलपात राहील. बाबांची सागवानी कपाटात, किल्ली त्यांच्या जानव्यासारखी कायम अंगावर. तुझी पलंगाखालच्या लांब पेटीत, किल्ली तुझ्या कमरेला. यावरून तुमची थट्टा चालायची. बाबा म्हणायचे, "माह्याच घरात माह्या बायकोच्या पेटीले मले हात लावता येत नाही, काय जमाना आला." तू पोळी लाटता लाटता म्हणायचीस, "तुमच्या लायसनात माहं नाव नाही, माह्यात तुमचं नाही. हात लावसान तं ठाणेदाराले सांगीन." तुझ्या परवान्यात तुझ्याखेरीज एकच नाव होतं, शेतावरच्या रखवालदाराचं. धान उभं असताना बंदूक त्याच्याकडे राहायची, त्याला हक्क होता. मला ही सगळी मजा वाटायची. आता वाटतं, त्या कुलपांनी चोरांना लांब ठेवलं आणि तुम्हा दोघांना एकमेकांच्या बंदुकीबद्दल अगदी अडाणी ठेवलं. बाबांनी तुझी बंदूक कधी हातात घेतलीच नव्हती. जंगलात वाघाचे पाय ओळखणारा माणूस, पण त्या पेटीत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसणं हाच कायदा होता.

खंडेनवमीला मात्र दोन्ही बंदुका एका पाटावर यायच्या. रखवालदार तुझी बंदूक बैलबंडीतून घेऊन यायचा आणि दसरा करायला आपल्या गावी जायचा. वाटेत जंगल, म्हणून ती भरलेली असायची. शहराच्या अलीकडे तो बार हवेत उडवून टाकायचा, आणि तू दारातच विचारायचीस, "बार काढला ना गा?" त्या वर्षी नाक्यावर शिपाई उभे होते म्हणून त्याने बार उडवला नाही, नुसती टोपी काढून कनवटीला लावली. आणि त्या वर्षी घरात पाहुणे, ओसरीवर तांदळाची पोती उतरत होती, काकूची मुलं पायात घुटमळत होती. तू विचारायची राहिलीस. त्यानेही बार आत आहे हे न सांगता टोपी तुझ्या हातात दिली आणि गेला. एवढंच झालं होतं, माय. मी ते पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं आहे, त्यात यापेक्षा मोठं काही सापडत नाही.

पाट मांडलास, त्यावर लाल कापड. बाबांनी दुनळीशेजारी दोन नवी काडतुसं उभी केली आणि तुझ्या बंदुकीकडे बघून म्हणाले, "माही पुरी आहे, तुही अर्धीच." तुला ते लागलं. थट्टेतलंच लागलं, पण लागलं, मी तुझं तोंड पाहत होते. "अर्ध्या हत्याराची पूजा नाही होत," असं म्हणून तू ती टोपी बसवलीस, घोडा हलक्या हाताने तिच्यावर टेकवलास, वर कुंकवाचं बोट ओढलंस आणि झेंडूची माळ घातलीस. निरांजन माझ्या हातात होतं. बंदूक रिकामी आहे असं तुला वाटत होतं. रिकाम्या बंदुकीला टोपी लावली काय नि फूल वाहिलं काय, सारखंच. पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत जागचं हलवायचं नाही, म्हणून ती तशीच राहिली.

दसऱ्याला सकाळी उठले तर तू मागच्या पडवीत वेगळी बसलेली होतीस. महिन्याची अडचण. आता देवघरात तुला येता येत नव्हतं, पाटाला शिवता येत नव्हतं, आणि बंदूक तर तुझ्याशिवाय कुणी हलवायची नव्हती. बाबांनी अक्षता टाकल्या आणि तिथूनच ओरडून विचारलं, "आता तरी हात लावू का वं?" तू हसलीस. पडवीतून तुझा आवाज आला, "लावा. आजच्यापुरतं माफ." पेटीची किल्ली तू जमिनीवर ठेवलीस, मी ती उचलून आत नेऊन दिली. बाबांनी आपली दुनळी आधी मोडून पाहिली, पुसली, कपाटात ठेवली. ही सवय त्यांची कधी चुकली नाही. मग तुझी उचलली. तिच्यात डोकावायला जागाच नव्हती. पेटीत ठेवताना नळी धरून त्यांनी ती आपल्याकडे ओढली, पेटीच्या कडेला घोडा अडकला आणि सुटला.

त्या खोलीबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. फक्त तू धावत आलीस ते लिहिते. देवघर, पाट, कापड, सगळ्याला शिवत आलीस आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलंस, आणि दारातून काकू सांगत होती, "अवं शिवू नोको, शिवू नोको." माणूस संपलं होतं आणि तिला विटाळ दिसत होता. तिचा मला अजून राग आहे, ती मेली तरी आहे.

ठाणेदार यायच्या आत काकांनी सगळं जुळवलं होतं. रखवालदाराला गावाहून आणवलं. तो अंगणात हात जोडून उभा होता आणि कुणी न विचारता सांगत होता, "बार म्या भरला होता बाई. काढाचा राह्यला." काका तुझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अर्धं तं तो स्वतःच कबूल करून राहिला. टोपीबी त्यानंच लावली होती, एवढं म्हण. त्याचं नाव लायसनात आहे, कायद्यानं तोच अडकते. तू मोकळी, पोरगी मोकळी." तू डोक्यावरचा पदर पुढे ओढलास. काकांना वाटलं पटलं. मी खांबाला धरून उभी होते आणि मलाही तेच वाटलं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, म्हणू दे, माय एवढं म्हणू दे.

ठाणेदाराने विचारलं आणि तू म्हणालीस, "टोपी मी लावली." त्याने पुन्हा विचारलं. विधवा बाई, भान नाही, असं समजून त्याने तुला वाट करून दिली होती. तू पुन्हा तेच म्हणालीस, आणि वर म्हणालीस, "त्यानं काढून माह्या हातात देली होती. त्याले जाऊ द्या."

कचेरीने तुला तुरुंगात घातलं नाही. परवाना गेला, बंदूक जमा झाली, साहेबाने समज दिली आणि मोकळं केलं. शिक्षा घरच्यांनी केली. नवऱ्याचं नाव परवान्यात नाही आणि नोकराचं आहे, ही बाबांची जुनी थट्टा आता गल्लीत वेगळ्या तोंडांनी फिरू लागली. नोकरासाठी नवऱ्याचा खून अंगावर घेते, म्हणजे पाणी कुठे मुरतं बघा. काकांनी तुला रामटेकला शेतावर लावून दिलं. मला ठेवून घेतलं, शाळेचं कारण सांगून. बंदुकीशिवाय तू धान राखत राहिलीस, डबे बांधून, दोऱ्या ओढून, आरोळ्या देऊन, आणि डुकरं यायची ती येतच राहिली.

रामटेकच्या जत्रेत काका मला घेऊन आले होते, तेव्हा तू मंदिराच्या पायऱ्यांखाली उभी होतीस. नव्या धानाचे पोहे फडक्यात बांधून आणलेले, अजून गरम. दोरीने तुझे तळवे कापले होते. तू माझ्या वेणीवरून हात फिरवत होतीस आणि मी विचारलं, "तू तसं काहून म्हटलं वं?" तू म्हणालीस, "त्याचे लेकरं लहान होते."

"मीबी लहानच होती."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "तुले काका होते. त्याच्या लेकराईले कोण होतं?" आणि पोह्याचं गाठोडं माझ्या हातात दिलंस. काका हाका मारत होते. पुढच्या भाताच्या दिवसांत तुला तापाने नेलं, आणि मला कळलं ते तुझे दिवस होऊन गेल्यावर.

तुझ्यामागे काकांनी बळकावलेल्या त्या बांध्या सोडवायला माझ्या नवऱ्याने कचेरीचे उंबरठे झिजवले. आता त्या माझ्या नावावर आहेत, म्हणून हा परवाना. कारकुनाला दोन कुलपं दाखवली ती खरी आहेत, पण त्याला एक गोष्ट सांगितली नाही. नव्या बंदुकीचं मी नवऱ्याला सगळं शिकवणार आहे, आणि त्याच्या बंदुकीचं त्याने मला केव्हाच शिकवलं आहे. एकमेकांच्या हत्याराला आम्ही हात लावतो. कायदा मोडतो म्हण. नवमीला आमच्या पाटावर विळा असतो, अडकित्ता असतो. बंदूक पूजेला बसत नाही, कुणी काही म्हणो.

माझ्या मुलांना मी तुझी गोष्ट सांगते. तू कशी खरं बोललीस, गरीब माणसाचं घर कसं वाचवलंस. ऐकताना मुलं मान ताठ करतात. तो रखवालदार म्हातारा होऊन घरी मेला, नातवंडं भोवती होती, ती मला अजून वाकून नमस्कार करतात. मी त्यांना आशीर्वाद देते. पण हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून इथे लिहिते. तुझं चुकलं असं मी कुठल्याच तोंडाने म्हणू शकत नाही, माय, तरी ती पोरं वाकली की दरवेळी माझ्या मनात एकच येतं, की त्यांचा आजा तुरुंगात गेला असता तर तू माझ्याजवळ राहिली असतीस. आणि मला अजूनही तेच हवं आहे.