ठमाआत्याच्या धवल्यांसाठी साऊंड कार्ड

१३ एप्रिल, कोलशेत
ठरलं. पुतणी भावनाच्या हळदीला ठमाआत्याचे धवले मीच रेकॉर्ड करणार. आत्या गावातली शेवटची धवलारीण, वय एक्याऐंशी. लग्नाची सगळी गाणी तिच्या तोंडात, कागदावर एक ओळ नाही. दम लागतो, या नातीचं शेवटचं, मग गाणार नाही म्हणते. काम जबाबदारीचं, म्हणून माझ्याकडे आलं. म्हणजे मीच मागून घेतलं.

१४ एप्रिल
भावनाचा भाऊ दिपेश म्हणाला, काका, मोबाईलवर घेऊ ना, टेन्शन कशाला. त्याला समजावलं. मोबाईल आवाज दाबतो. माझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो, कुणाच्या बापाचं लायसन लागत नाही. आपल्या आजोबांची मिठागरं होती, त्यांनी कधी दुकानातून मीठ आणलं? मग मी ऑपरेटिंग सिस्टीम का विकत आणू? मोबाईल खिशात टाकून निघून गेला. पटलं असावं.
अडचण एकच. माइकचं सॉकेट मेलंय. वेगळं साऊंड कार्ड हवं. बजेट सातशे. एक रुपया वर नाही.

१७ एप्रिल
ठाणे स्टेशनजवळचं दुकान. लिनक्सवर चालेल ना विचारलं. सगळ्यावर चालतं काका, म्हणाला. दोनशे ऐंशी. घरी लावलं. ऐकू येतं, रेकॉर्ड होत नाही. म्हणजे अर्धं चालतं. सुरुवात चांगली.

१८ एप्रिल
परत करायला गेलेलो. घेतलं नाही. विंडोज टाका म्हणतो. अज्ञानी माणसाशी वाद नको, म्हणून फक्त पाऊण तास बोललो.

२२ एप्रिल
इंटरनेटवरच्या लिनक्स फोरमवर ओळख झालेल्या डोंबिवलीच्या केदारकडून सेकंडहॅण्ड कार्ड, सहाशे. फोरमवर सगळे सांगतात, लिनक्सवर बिनबोभाट चालतं. घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. त्यात या कार्डाचा स्लॉटच नाही. निशा म्हणाली, आधी उघडून बघायचं, मग डोंबिवलीला जायचं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण हिला हार्डवेअरमधलं काही कळत नाही.

२६ एप्रिल
फोरमवर कल्याणचा अद्वय भेटला. म्हणतो, खोक्यावरचं नाव बघू नका, आतली चिप बघा. चिपचं नाव दिलं. ती असलेलं यूएसबी कार्ड, अठराशे. मागवलं. बजेट म्हणजे शेवटी अंदाजच.

२९ एप्रिल
आलं. लावलं. चाललं! तासभर स्वतःचाच आवाज रेकॉर्ड करून ऐकला. भारदस्त आहे. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

१ मे
आत्याला ट्रायलसाठी घरी बोलावलं. आली, चहा प्यायली, गायली मात्र नाही. मांडव नाय, हलद नाय, न धवला कशाचा, म्हणाली. नुसत्या घरात लग्नाचं गाणं म्हणत नाहीत. मग ट्रायलला मीच बोललो. माइक माझ्या तोंडासमोर धरून लेव्हल लावली. एकदम परफेक्ट. आता कशालाही हात लावायचा नाही.

६ मे, हळद
सीपीयू, मॉनिटर, सगळं मांडवात टेबलावर मांडलं. माइक ट्रायलला होता तसाच. सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. रेकॉर्डिंग एकच हवं, ओरिजिनल. दिपेशने चोरून मोबाईल बाहेर काढलेला, तोही काढून घेतला. आत्या जवळजवळ दोन तास गायली. मध्ये दम लागला, थांबली, पुन्हा गायली. निशा रडली. टेबलाभोवती मंडळी जमलेली, हे काय आहे विचारत होती. त्यांना लिनक्स समजावून सांगितलं. हळू आवाजात.

८ मे
आज ऐकलं. एक तास बावन्न मिनिटं. खरखर नाही, घरघर नाही, अद्वयची चिप तो बोलला तशीच निघाली. आवाज स्वच्छ.
माझा.
मिठागरं, विंडोज, चिप, सगळं आहे. मागे दूर कुणीतरी गातंय एवढंच कळतं.

९ मे
आत्याकडे गेलो. पुन्हा गाशील का विचारायला निशाला पुढे केलं. आत्या म्हणाली, मांडव उतरला बाय, आता नाय. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तू घेतलास ना रं सगला? मी हो म्हणून मान हलवली.
सासरहून भावनाचा फोन आला, काका, धवले पाठवा. उद्या पाठवतो म्हणालो. फार लाज वाटते.

१० मे
पुन्हा सगळं ऐकलं. एका ठिकाणी आत्या स्पष्ट येते. अकरा सेकंद. तेवढ्यात मी पाणी पीत होतो.