ओढायचं नाही

बाबा,

सकाळपासून कुत्र्याशी झटापट करून हात दुखायला लागलेत. लेकीने पिल्लू आणलं आणि ती ऑफिसला जाते; हैदराबादच्या या टोकाला, कुकटपल्लीतल्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याला शिकवणं माझ्या गळ्यात पडलंय. चेंडू तोंडात धरला की सोडत नाही. मी ओढते, तो गुरगुरतो, त्याला तो खेळच वाटतो. या वयात मला हे झेपत नाही.

आपल्या नल्लकुंट्याच्या जुन्या घरात रस्त्यावरून आलेलं तांबडं पिल्लू होतं, तुमच्या जुन्या मोज्याशी खेळायचं. मी मोजा खस्सकन ओढला तेव्हा तुम्ही ओरडलात, "ओढू नको गं पोरी! त्याला वाटतं, गेलं ते गेलंच." मग तुम्ही उकिडवे बसता, भाकरीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरता, कारखान्यातल्या दखनी उर्दूत म्हणता, "छोड मियाँ, छोड." ते मोजा टाकतं, तुकडा खातं आणि तुम्ही मोजा लगेच त्याला परत देता. परत मिळतो हे त्याला कळायला चार दिवस लागले, पण तुम्ही त्याच्यावर एकदाही आवाज चढवला नाहीत.

त्याच सुमारास तुमच्या सरकारी कारखान्यातलं काम आटलं. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला होता. तुमची लेथ, लोखंड कातायची मशीन, बंद होती, तरी तुम्ही डबा घेऊन सातची बस पकडायचात आणि दिवसभर ती पुसत बसायचात. मग स्वेच्छानिवृत्तीची नोटीस आली. तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले, इंग्रजी कागद मलाच वाचायला द्यायचात. "थोडं थांबू," तुम्ही म्हणालात, "मशीन चालू होईल म्हणतात." मी तेव्हा आबिड्सला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते, जग आपल्यालाच कळलंय अशी घमेंड होती. तुमच्या त्या थांबण्याचा मला वीट आला होता. मी तुमच्या निवृत्तीचा फॉर्म भरला आणि बोट ठेवून म्हटलं, "इथे सही करा. शुक्रवार शेवटची तारीख आहे. सोडा आता." तुम्ही चष्मा पुसलात आणि सही केलीत.

त्यानंतर कित्येक महिने तुम्ही सातच्या आत आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या खुर्चीत बसायचात. आई चहा आणून द्यायची. मला तुमच्याकडे बघवत नसे, म्हणून मी मागच्या दाराने जायचे.

कारखाना पुढे बंदच पडला. म्हणजे माझं काही चुकलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, आणि आता त्याचाही कंटाळा आलाय. बाबा, नोटिशीत शुक्रवार कुठेच नव्हता. तुमच्याकडे अजून दीड महिना होता.