फादर सेवरिनची पाठ

रविवार, १ ऑक्टोबर

पाठ! पूर्ण मिस्साभर पाठ!

नवे फादर सेवरिन आले आणि पहिल्याच रविवारच्या उपासनेत आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. लोकांसमोरची लाकडी वेदी सोडून थेट मागे, भिंतीजवळच्या जुन्या दगडी वेदीपाशी. तिच्यावर आम्ही इतकी वर्षं फुलदाण्या ठेवत होतो. त्या कुणी उचलल्या कोण जाणे. अर्धी मिस्सा लॅटिनमध्ये. वय चौतीस! जे लॅटिन पन्नासेक वर्षांपूर्वी चर्चमधून गेलं, माझ्या आईने हसत हसत सोडून दिलं, ते या माणसाला कुठे सापडलं?

मिस्सा संपल्यावर झग्यांच्या खोलीत मला बोलावलं. फार नम्र. तेच जास्त डोक्यात जातं.

"टेरहोर्स्टबाई, पुढच्या रविवारी प्रवचन तुमचं आहे असं ऐकलं. ते राहू द्या. मिस्सेत प्रवचन धर्मगुरूनेच द्यायचं, असा नियम आहे."

"बावीस वर्षं मी देतेय. तेव्हा नियम कुठे गेला होता?"

"होता की. पाळायचा राहून गेला होता."

घरी येऊन नवऱ्याला, एंगेलबर्टला, सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "बटाटे दे इकडे."

मंगळवार, ३ ऑक्टोबर

जर्मन एकतेचा दिवस, सुट्टी. दिवसभर चिडचिड. झाडाखालचे सगळे अक्रोड गोळा केले, एकही खाल्ला नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

नणंदबाई आल्या. वालबुर्गा. हातात केक, तोंडात विष.

"बरं झालं बाई, शेवटी एक खरा धर्मगुरू मिळाला आपल्या हाफरलो गावाला. आधीचे हेरिबर्ट फादर म्हणजे... स्वेटर घालून मिस्सा करायचे! आणि प्रवचन कोण देणार, तर आमच्या वहिनीबाई!"

"तुम्हाला आवडायचं नाही का माझं प्रवचन?"

"आवडायचं की. पण मी चर्चमध्ये देवाला भेटायला जाते. तू तर मला रोज कुंपणापाशी भेटतेसच."

एंगेलबर्ट बहिणीचं बोलणं ऐकून हसला. मी बघितल्यावर थांबला.

बुधवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. स्मशानात सगळ्या थडग्यांवर दिवे. इर्मट्रूड आली नाही. न चुकता येणारी बाई! फोन केला तर म्हणाली, "अगं, जिना उतरवत नाही आता."

शुक्रवार, १० नोव्हेंबर

इर्मट्रूडकडे जाऊन आले. कॅन्सर यकृतात पसरलाय. डॉक्टर वसंत ऋतूचं नावही काढत नाहीत.

शाळेपासूनची मैत्रीण. गावातल्या बायकांना एकत्र आणलं ते आम्ही दोघींनी. बायकांनी वेदीपाशी उभं राहून बायबलमधलं शुभवर्तमान वाचायला सुरुवात केली, तीही आम्ही दोघींनी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिचे पाय इतके लटपटत होते की मी मागून तिचा कोट धरून उभी होते.

आज माझा हात धरून म्हणाली, "माझ्या अंत्यविधीला तू बोलायचंस. दुसऱ्या कुणी नाही. आणि रडायचं नाही, खणखणीत बोलायचं."

मी हो म्हटलं. काय बोलणार दुसरं?

निघताना कळलं, सेवरिन फादर दर बुधवारी येऊन तिच्याजवळ बसतात. मी म्हटलं, काय बोलतात? म्हणाली, "फारसं काही नाही. मुलगा चांगला आहे गं. फक्त त्याला कान नाहीत."

रविवार, ३ डिसेंबर

नाताळच्या आधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. आम्ही आत गेलो नाही!

सगळ्या बायका चर्चबाहेरच्या चौकात, हातात मेणबत्त्या. मी दगडी पायरीवर उभी राहून प्रवचन दिलं. वारा असा की मेणबत्त्या टिकेनात, पण आवाज पोचला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गुडुला, अजून मोठ्याने! आत ऐकू जाऊ दे!" किती दिवसांनी ऊर भरून आला.

एंगेलबर्ट आत गेला. म्हणाला, माझे गुडघे थंडीत धरतात, आणि कुणीतरी आत नको का? मी म्हटलं, जा बाबा.

एक गोष्ट मात्र टोचली. आत भरलं होतं! परगावाहून गाड्या करून आलेली तरुण जोडपी, कडेवर पोरं, बायकांच्या डोक्यावर रुमाल. सगळे गुडघ्यांवर. आमच्या दोन्ही मुलांनी चर्चमधून नाव काढून घेतलं. किती समजावलं, किती गिटारी वाजवल्या त्यांच्यासाठी. आणि ही माणसं तासभर प्रवास करून पाठ बघायला येतात. का? मला खरंच कळत नाही. आणि कळत नाही याचाच राग येतो.

सोमवार, ११ डिसेंबर

फादर सेवरिनविरुद्ध बिशपांकडे पाठवायच्या अर्जावर सह्या गोळा करतेय. बेकरीवाल्याने केली, डॉक्टरीणबाईंनी केली, चर्चमधून नाव काढून घेतलेल्यांनीसुद्धा करू का म्हणून विचारलं! एंगेलबर्टपुढे पेन धरलं. म्हणाला, "माझी कशाला? घर एकच ना."

मंगळवार, १६ जानेवारी

इर्मट्रूड गेली. सकाळी, नाश्त्याच्या वेळी.

बुधवार, १७ जानेवारी

फादरांकडे गेले. अगदी सरळ, हात जोडल्यासारखीच. म्हटलं, "मी तिला शब्द दिलाय. एवढी एक वेळ."

"टेरहोर्स्टबाई, तिने मलाही सांगितलं होतं. तेव्हाच मी तिला म्हणालो, चर्चमध्ये ते होणार नाही."

"मरणाऱ्या बाईला तुम्ही नाही म्हणालात?"

"खोटं हो म्हणायला हवं होतं का?"

मी दार आपटून आले. जुनं ओकचं दार आहे, नीट आपटतसुद्धा नाही!

शनिवार, २० जानेवारी

झालं. लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

चर्चमध्ये त्यांनी प्रवचन दिलं. छोटं. इर्मट्रूडबद्दल जवळजवळ काहीच नाही, सगळं पुनरुत्थानाबद्दल. मी पहिल्या रांगेत बसून दात आवळत होते. तिची मुलगी माझ्याकडे बघत होती.

मग स्मशान. स्मशान नगरपालिकेचं आहे. चर्चचं नाही. हे मला शवपेटीच्या मागून चालताना सुचलं. पेटी खाली गेली, फादरांनी पाणी शिंपडलं, सगळे माती टाकायला पुढे सरकले, आणि मी म्हटलं, "थांबा."

वालबुर्गा फिसकारली, "गुडुला, शोभतं का हे!"

मी बोलले. खणखणीत बोलले. लटपटते पाय, मागून धरलेला कोट, नवरा गेल्यावर तिने एकटीने चालवलेली रोपवाटिका, तिचा तो भयंकर गाजराचा केक... सगळं. लोक हसले. थडग्याभोवती हसले! बर्फाळ पाऊस सुरू झाला तरी कुणी हललं नाही.

फादरसुद्धा नाही. मला वाटलं होतं निघून जातील. झगा भिजून अंगाला चिकटला होता, तरी शेवटपर्यंत उभे. मग जवळ येऊन म्हणाले, "तो कोट मागून धरलेला... ते मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत का?"

त्यांनी मूठभर माती उचलून थडग्यात टाकली. मला बरं वाटायला हवं होतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

बिशपांचे प्रतिनिधी आले. चर्चच्या सभागृहात एका बाजूला आम्ही, एका बाजूला रुमालवाल्या. मध्ये कॉफी. कुणी कुणाला साखरही पुढे केली नाही.

आम्ही बोललो. त्या बोलल्या. एक तरुण आई उभी राहून म्हणाली, "तुम्हाला वाटतं आम्हाला कुणी फसवलंय. आम्ही शिकलेल्या आहोत. आम्हाला हेच हवंय." मी म्हटलं, "मग आमचं काय?" ती म्हणाली, "तुम्हाला पन्नास वर्षं मिळाली ना!"

असं उत्तर द्यायचं असतं का मोठ्या माणसाला?

प्रतिनिधींनी फादर सेवरिनना विचारलं, तुमचं म्हणणं काय? ते म्हणाले, "मी जे करतो ते विश्वासाने करतो. इथे त्याने भांडण झालं असेल तर मला दुसरीकडे पाठवा." बस्स. भांडायलाही समोर माणूस उरू देत नाहीत!

शुक्रवार, १२ एप्रिल

जिंकलो!!!

फादर सेवरिनची बदली आल्टेनरोडेला, सिस्टरांच्या चॅपेलात. आमच्यासाठी दुसरा धर्मगुरू नाहीच आहे, मिळायला वर्ष लागेल. तोवर दर रविवारी प्रार्थनासभा, आणि ती चालवायची... मी! बिशपांच्या परवानगीने! आता राहून गेलेला नियम कुणी काढू दे.

बायकांनी बाटली उघडली. मी एक ग्लास इर्मट्रूडसाठी ओतला. एंगेलबर्टने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या मनासारखं झालं."

रविवार, ५ मे

माझा पहिला रविवार. फुलदाण्या परत दगडी वेदीवर. मी लोकांच्या डोळ्यांत बघून बोलले. खूप तयारी केली होती, आणि चांगलं झालं, मला माहीत आहे चांगलं झालं.

रुमालवाल्या अर्थातच नव्हत्या. वालबुर्गा नव्हती. आपल्या बायका आल्या होत्या, पुढच्या तीन रांगा. मागे नुसते बाक. इतकं मोठं चर्च कशाला बांधलं असेल यांनी?

एंगेलबर्टही नव्हता. डुकरीण व्यायला टेकलीय म्हणाला. पहिल्याच रविवारी व्हायचं होतं हे!

सोमवार, ६ मे

डुकरांकडे गेले. डुकरीण आडवी, पोट तसंच.

"काल कुठे होतास?"

एंगेलबर्ट बादलीत पाणी ओतत राहिला. मग म्हणाला, "आल्टेनरोडेला. सेवरिन फादरच्या मिस्सेला."

मला वाटलं थट्टा करतोय.

"पुढच्या रविवारीही जाईन म्हणतो."

"पण तुला लॅटिनचं अक्षर कळत नाही!"

"नाही ना. काही कळत नाही, कुणी काही समजावूनही सांगत नाही. नुसता बसतो. बरं वाटतं गं तिथे."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस? एवढे महिने!"

त्याने बादली खाली ठेवली. रागावला नव्हता. म्हणाला, "तू बोलत होतीस."