अर्थ फॉल्ट : बंद

६ नोव्हेंबर

पोचले एकदाची! कोहमाऱ्याच्या फाट्यावर बस थांबली, ढाब्यावर कडक चहा मारला आणि बॅग ओढत राइस मिलवर हजर झाले. उकडलेल्या धानाचा वास इतका दाट की पोट न जेवताच भरलं. मालक लोकेंद्रभाऊंना इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून 'रुची' नावाचा कोणी पुरुष येईल असं वाटलं होतं की काय, कोण जाणे. दोनदा माझ्या मागे पाहिलं त्यांनी.

खोली मिलचा ऑपरेटर सेवकराम याच्याच घरी मिळाली. त्याची बायको रामबाई. मी दारात उभी राहते न राहते तोच, तू काऊन एवढी वाळली वो, तुमच्याकडे भात नाई भेटत का, अशी सरबत्ती. भात, वालाची भाजी आणि वर तिखटाची चटणी. तिला मावशी म्हणायचं ठरवलंय. मजा येणार इथे.

८ नोव्हेंबर

पॅनेलरूम माझं राज्य! मधोमध मेन ब्रेकर, छोट्या ट्रंकेएवढा. पण त्याची अक्कल त्याच्या तोंडावरच्या वीतभर डब्यात, ट्रिप युनिटमध्ये. सेवकरामला समजावून सांगितलं. ब्रेकर म्हणजे नुसता पहिलवान, त्याला कधी सुटायचं ते हा डबा सांगतो. लोड थोडा वाढला तर धीर धरतो, मोटर सुरू होताना करंट उसळतोच. शॉर्ट झालं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. आणि करंट मशीनच्या पत्र्यात उतरून अर्थिंगच्या पट्टीने जमिनीत पळायला लागला, की तो अर्थ फॉल्ट. तेव्हाही तोडतो. नाही तोडला तर पत्रा तसाच जिवंत राहतो, कोणाचा तरी हात लागेपर्यंत.

सेवकराम मान हलवत राहिला. इथल्या लोकांची एक गंमत आहे. मिलमध्ये कशालाही हात लावायचा तर आधी उलटा, बोटांच्या पाठीने. करंट असला तर मूठ आवळून पत्रा धरला जात नाही, हे खरंच आहे. पण हे लोक पाण्याच्या माठालाही उलटा हात लावतात! मी चिडवलं, कोणी हसलं नाही.

११ नोव्हेंबर

ब्रेकर पडतोय. रोज, दुपारच्या जेवणानंतर एलिव्हेटर सुरू केला की पडतो. एलिव्हेटर म्हणजे खालच्या खड्ड्यातून धान वर नेणारा बादल्यांचा पट्टा. डब्यावर दोनच शब्द : अर्थ फॉल्ट.

मोटर तपासली, केबल तपासली. खडखडीत कोरडी, निर्दोष. मग डब्यावरच संशय. गोंदियाहून टेस्ट किट मागवून त्याला खोटा करंट पाजला. जेवढ्याला पडायला सांगितलं तेवढ्यालाच पडला. डबा शहाणा आहे, खोटं बोलत नाही.

शेवटी सगळे फीडर बंद केले. एकही मशीन जोडलेलं नाही. नुसता मेन चालू.

तरी पडला. अर्थ फॉल्ट. मला हे आवडलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

भिजवणीच्या हौदातलं धान आंबायला लागलंय. लोकेंद्रभाऊ दिवसभर डोक्यावर बसलेले. मॅडम, वो अर्थ-बिर्थ बंद करून टाका ना, मागच्या सीझनमध्येही केलं होतं, काय नाही होत. मी नाही म्हटलं. तर म्हणाले, पहिल्या सुपरवायझरला जमत होतं, तुमाले नाई जमत? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मागच्या सीझनचं रामबाईने सांगितलं, चुलीकडे बघत. तिलक म्हणून सेवकरामचा पुतण्या खड्डा साफ करायचा. रामबाईला काकी काकी करत मागे फिरायचा. त्या दिवशी डब्यातलं अर्थ फॉल्टचं सेटिंग बंद होतं. त्याने पत्रा धरला आणि ब्रेकर पडलाच नाही. मिल चालूच राहिली, धान वर जात राहिलं. जेवायला कायले नाई आला म्हणून बघायला गेले तेव्हा कळलं. उलट्या हाताचा नेम तेव्हापासूनचा. मला स्वतःची लाज वाटली.

तरीही संध्याकाळी डब्याचं बटण फिरवलं. अर्थ फॉल्ट : बंद. हौद रिकामे होईपर्यंतच. खड्ड्यात कोणी उतरायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं.

१४ नोव्हेंबर

मिल सुरळीत. एकदाही थांबली नाही. भाऊंनी पेढे वाटले.

एलिव्हेटरच्या पत्र्यावर कोंड्याचा थर बसतो. आज त्यावर हातांचे ठसे दिसले. सुलटे, पूर्ण तळव्याचे. खड्ड्याच्या कडेपासून वर वर गेलेले. इथे सुलटा हात कोणीच लावत नाही. सेवकरामने ते पाहिले आणि गमछ्याने पुसले.

चपला घातल्या असूनही तळपायाला मुंग्या येतात.

१५ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत मेनच बंद केला. मिल ठप्प. मग अर्थिंगच्या पट्टीवर करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. शून्य यायला हवा.

नाही आला. पट्टीत करंट वाहतोय. मेन बंद असताना!

म्हणजे आमच्याकडून जमिनीत काही जात नव्हतंच. जमिनीतून वर येतंय. डबा इतके दिवस मिलला त्रास देत नव्हता. तो काहीतरी अडवत होता, आणि मी त्याला बाजूला केलं.

सेटिंग परत लावते म्हटलं. भाऊ म्हणाले, शेवटचा हौद राहिलाय, उद्या दुपारपर्यंत. मी ऐकलं. का ऐकलं?

ठसे आता पॅनेलरूमच्या दारावर आहेत. आतल्या बाजूने.

१६ नोव्हेंबर

पट्टा अडकला. मी फोनवर भाऊंशी भांडत होते. तेवढ्यात सेवकराम खड्ड्यात उतरला. त्याला कोणीतरी खालून काका म्हणून हाक मारली म्हणे —

पट्टा सुटून चालू झाला, पण तो खालीच पत्र्याला चिकटला. धावले. बटण फिरवलं. अर्थ फॉल्ट : चालू. ब्रेकर धाडकन पडला. लाइटी गेल्या. पंखे थांबले.

एलिव्हेटर थांबला नाही.

१६ नोव्हेंबर, परत

मेन बंद. लाइनमनने खांबावरून तार उतरवली. मिलमध्ये कुठूनही वीज येत नाही. बादल्या वर जातायत. रिकाम्या.

सेवकराम खाली आहे. पत्रा धरून. सुटत नाही. जिवंत आहे, डोळे हलतात. लाकडी बल्लीने ढकललं — बल्ली भिजलीये, ढकलणारा मिलचा मुनीमच फेकला गेला. लोक फाटकाशी पळाले. तिथेच रामबाईला दोघांनी धरून ठेवलंय. हात मोकळे राहिले तर मी जाऊन त्याला ओढीन, म्हणून लिहितेय. लिहीत राहायचं.

सेटिंग मी बंद केलं होतं. मी, रुची. भाऊंनी सांगितलं, पण हात माझा.

तो म्हणतोय, बाई, बंद करा ना वो. बंद केलंय रे. सगळं बंद केलंय —

आता बंद करा म्हणत नाही. आवाज बदलला. कोवळा झाला. काकी म्हणतोय. काकी, भूक लागून राहिली, ये ना. सेवकरामच्या तोंडातून, रामबाईला, काकी —

फाटकाशी ती ओरडायची थांबली. ऐकतेय. तिला कळलं कोण ते. सोडा मले, माझं लेकरू हाय — त्यांना ती धरवत नाही —

सुटली. धावत येतेय, दोन्ही हात पुढे — मावशी, नको, मी येते, तिला मी —