सुंठी जेवली, सुमन

प्रिय सुमन,

आज तुझी सुंठी जेवली. पूर्ण जेवली. कोंबडीची मान, थोडी कलेजी, सगळं कच्चं. नंतर थाळी अशी चाटली की घासायला काही राहिलं नाही. आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे, हे मला माहीत आहे. तू असतीस तर मला थाळीसकट अंगणात काढलं असतंस. पण रागावू नकोस, आधी ऐकून घे.

ही गोष्ट सांगायला मी प्रकाशला फोन केला. पोरगा कामात होता. "अरे वा, बरं झालं बाबा. संध्याकाळी बोलू," म्हणाला. मग दारात जाऊन उभा राहिलो. समोरच्या बंगल्याला कुलूप, त्याच्या शेजारच्यालाही कुलूप. आपल्या वलवणच्या या गल्लीत शनिवार-रविवार सोडला तर माणूस दिसतंय कुठं? एवढी मोठी बातमी हातात, आणि सांगायला कुणी नाही. कुत्रीनं कच्चं मांस खाल्लं यात कसली आली बातमी, असं कुणीही म्हणेल. तू म्हणाली नसतीस. म्हणून तुलाच लिहायला बसलो.

तू गेलीस तेव्हा सुंठीला काही झालं नव्हतं. नुसती मागच्या दाराशी पडून असायची. मी सकाळी पोळी-दूध ठेवायचो, ते दुपारपर्यंत कसंबसं संपायचं. मला वाटलं, चाललंय बरं. पावसाळ्यात तिनं खाजवायला सुरुवात केली. आधी कान, मग पोट, मग शेपटीच्या मुळाशी. श्रावण संपेपर्यंत पाठीवरचे केस गेले आणि खालची कातडी लाल झाली. तिच्या ज्या सुंठेसारख्या रंगावरून तू तिचं नाव सुंठी ठेवलंस, तो रंगच दिसेना. मलमं झाली, गोळ्या झाल्या, कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळी झाल्या. औषध संपलं की खाज परत.

बाजारापलीकडच्या डॉक्टर मॅडम वयानं लहान आहेत, पण नीट समजावून सांगतात. दसऱ्यानंतर त्यांनी विचारलं, "काका, ही खाते काय?"

मी म्हटलं, "पोळी, दूध, वरण-भात. चहाबरोबर बिस्कीट."

"सगळं तेच बाधत असेल. गहू बंद, दूध बंद, बिस्कीट-गोड तर बंदच. कच्चं मांस देऊन बघू या. मऊ हाडासकट, म्हणजे मान वगैरे. थोडी कलेजी. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही. मांस आधी काही दिवस फ्रीझरमध्ये गोठवायचं, मग द्यायचं. भांडी वेगळी आणि हात साबणानं धुवायचे. काही कुत्र्यांना मानवतं, काहींना नाही. बघू."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, सोपं आहे. कुत्रं आणि मांस, नाही कसं म्हणेल?

आणि मग फ्रीझर उघडला, सुमन.

तुझ्या फ्रीझरला मी कधी हात लावला नव्हता. खोवलेला नारळ, मटार, आणि सगळ्यात मागं तो स्टीलचा चपटा डबा. उघडून पाहिलं तर पुरण. होळीला तू जास्तीचं केलं होतंस. "पाडव्याला पुन्हा घाट नको," म्हणाली होतीस. पाडव्याला तू दवाखान्यात होतीस. त्यानंतर त्या डब्याची आठवण कुणाला राहणार?

मांस ठेवायचं तर जागा करायला हवी होती. नारळ काढला, मटार काढले. डबा मात्र तीनदा बाहेर काढला आणि तीनदा आत ठेवला. टाकवत नव्हतं. कुणाला द्यावंसं वाटत नव्हतं. शेवटी ओट्यावर ठेवून दिला, आणि दुपारी पुरण सुटं झालं तसं चमच्यानं, उभ्या उभ्या, सगळं खाल्लं. जायफळ जरा जास्त झालं होतं तुझ्याकडून. सुंठी पायाशी येऊन बसली होती. डॉक्टर मॅडमनी गोड सक्त बंद सांगितलेलं. तरी रिकामा डबा मी तिच्यापुढं ठेवला. डबा लख्ख झाल्यावरही ती कितीतरी वेळ चाटत राहिली. तिला कळलं असेल का गं, कुणाच्या हातचं आहे ते?

त्या दिवसापासून आमची लढाई सुरू झाली.

पहिल्यांदा मान ठेवली. तिनं वास घेतला आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिच्यापुढं चप्पल वाढली होती. मग ती मान हलकेच तोंडात धरून बाहेर नेली आणि तुझ्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरून, नाकानं माती लोटून परत आली. दुसऱ्या दिवशी मी तुकडे केले. घाबरू नकोस, तुझ्या मिक्सरला हात लावला नाही, सुरीनं केले. तेही तसेच राहिले. डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "गार असेल, कोमट पाण्यात वाटी ठेवून जरा ऊब द्या." ऊब दिली. नाही. "तव्यावर नुसतं वरून परतून बघा, हाड मात्र काढा." परतलं. तिनं वरचा रस चाटला आणि तुकडे तसेच ठेवले. मग त्यांच्याच परवानगीनं चमचाभर वरण कालवलं. तर काय केलं असेल? एकेक तुकडा तोंडात घेऊन त्याचं वरण चोखून घेतलं, आणि तुकडे धुतल्यासारखे स्वच्छ करून वाटीच्या कडेला मांडून ठेवले. इतकी हुशारी तिला शिकवली कुणी, तूच ना?

मी रोज तिला विनवायचो. मोठ्यानं बोलायचो. "खा की बाई, तुझ्यासाठीच आणलंय." घरात माझाच आवाज ऐकून मी दचकायचो. दिवसात तेवढंच बोलणं व्हायचं.

ती वाळत चालली. फासळ्या दिसायला लागल्या. माझंही जेवण म्हणजे मेसचा डबा, टीव्हीसमोर. भाजी कुठली होती ते दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. दोघंही एका घरात, ती मागच्या दारात आणि मी पुढच्या खोलीत.

दिवाळीत तुझा काशिनाथ आला. भाऊबीजेला यायचा तसाच आला, हातात पोह्यांची पिशवी घेऊन. ओवाळायला कोण आहे, हे दारात आल्यावर त्याच्या ध्यानात आलं असावं. पिशवी धरून उभाच राहिला. मग सुंठीकडं बघून म्हणाला, "दाजी, हिची काय दशा झाली वो! तुमच्यानं न्हाई व्हायचं हे. माझ्याकडं द्या. तितं दोन कुत्री हायेत, त्यांचं बघून खाईल कायबी. मोकळ्या रानात ऱ्हाईल."

मी लगेच हो म्हटलं. वाटलं, जगेल तरी. पट्टा काशिनाथच्या हातात दिला आणि ती पिकअपच्या मागं चढली. खाली उडी मारली नाही की भुंकली नाही. गाडी वळेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.

तू गेल्यावर माणसं होती घरात. तेरावं होईपर्यंत चुलीवर चहाचं आधण उतरलं नव्हतं. सुंठी गेल्यावर कोण येणार होतं? मागचं दार उघडायचं कारण उरलं नाही. खाजवताना तिच्या पायाची फरशीवर टकटक व्हायची, त्याचा मला राग यायचा. आता ती नव्हती, तर मी टीव्ही बंद करून ऐकत बसायचो. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये एवढी वर्षं एकट्यानं ड्यूटी केली, तिथं कधी असं झालं नाही. तिथून घरी यायचं असायचं ना.

आठवडाही झाला नसेल, काशिनाथचा फोन आला. "दाजी, कुत्री खाईना. भाकरी न्हाई, भात न्हाई, मटान न्हाई. तोंड वळवती. आन् खाजवून खाजवून रगत काढलंय."

तिला बघायला निघालो. लोकलनं कान्ह्याला उतरलो, टाकव्यापर्यंत जीप मिळाली. पुढची एसटी दुपारी, म्हणून चालत निघालो. आंदर मावळातला तुझ्या माहेरचा तो रस्ता मी कधी चाललोच नव्हतो. लग्नानंतर तू सांगायचीस, शाळेला रोज चालत जायचो म्हणून. मी म्हणायचो, असेल तीन-चार मैल. नाही गं. चढ आहे पुरा. तू सांगायचीस ते कमीच होतं.

भाताची कापणी चालली होती. काशिनाथ शेतात, वैनी घरी. सुंठी खळ्याच्या कडेला पेंढ्यात पडली होती. मला वाटलं उठून धावत येईल. नाही आली. डोकं उचलून पाहिलं, सावकाश उठली, आणि मी घरात शिरलो तशी मागोमाग येऊन पडवीत उभी राहिली. मी हाक मारली नव्हती.

जावई दारात आल्यावर वैनी ऐकतात होय? कोंबडी कापली. मी म्हटलं, "वैनी, मान आणि कलेजी कच्चीच ठेवा हिला." त्या हसल्या, पण ठेवली. गोठवायचा डॉक्टर मॅडमचा नियम त्या दिवशी राहिला.

पडवीत पाट मांडला होता. माझे गुडघे तुला माहीत आहेत. पण तिथं टेबल कुठून आणणार? भिंतीला धरून खाली बसलो. पुढं रस्सा-भाकरी. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तेवढ्यात माझ्या मांडीला काहीतरी टेकलं. बघतो तर सुंठी. पुढचे पाय लांब करून, माझ्या ताटाला नाक लावून बसलेली. तू मागच्या दारात बसून जेवायचीस तेव्हा तुझ्या ताटाशी बसायची, अगदी तशी.

वैनींनी ठेवलेली वाटी जवळ ओढली, कलेजीचा एक तुकडा घेतला आणि ताटाच्या कडेनं हातावर धरला. तिनं वास घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलं. मी माझा घास तोंडात घातला. मग तिनं घेतला. चावला आणि गिळला. मी पुन्हा एक घास खाल्ला, तिनं पुन्हा एक. मान तिनं दोन्ही पायांत धरून कडाकडा फोडली. वैनी चुलीपासून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई बी अशीच बसायची, व्हय ना?"

"व्हय," म्हटलं. वैनींनी न विचारता रस्सा वाढला.

तिला मांस नको होतं असं नाहीच, सुमन. तिला एकटीनं जेवायचं नव्हतं. हे तू मला कधी बोलली कशी नाहीस? की बोलली होतीस? "या इकडं, खाली बसा आमच्यात," असं कितीदा तरी म्हणायचीस. मी म्हणायचो, शिफ्ट आहे, उशीर होतोय, टेबलावर वाढ. तुझ्याबरोबर मागच्या दारात बसून जेवल्याचं मला एकदाही आठवत नाही. तू तरी हात धरून बसवायचं होतंस. इतकं कशाला ऐकायचं माणसाचं?

काशिनाथनं संध्याकाळी पिकअपनं आम्हाला घरी सोडलं. तेव्हापासून मी मागच्या दारात चटई टाकून जेवतो. डबा येतो, तो ताटात वाढून घेतो. तिची थाळी माझ्या ताटाशेजारी. पहिले काही दिवस हातावर द्यावं लागलं, एकदा तिला उलटीही झाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या कलेजी जास्त झाली, कमी करा. केली. आज पहिल्यांदा मी थाळी नुसती खाली ठेवली आणि तिनं आपलं आपण खाल्लं. मी घास घेईपर्यंत थांबली मात्र. पाठीवर बारीक लव आली आहे. खाजवते अजून, पण थांबते. परवा उन्हात उभी होती तेव्हा सुंठीचा रंग ओळखू आला.

जेवण झालं की ती माझ्याजवळ थोडा वेळ बसते, मग उठून तुझ्या खोलीच्या उंबऱ्याशी जाते. तिथंच झोपते. मी बोलावत नाही. आम्ही दोघंही तुझी वाट बघतो असं नाही, तू येणार नाहीस हे मला कळतं. तिला काय कळतं, कुणास ठाऊक. पण संध्याकाळी बंगल्यांवर अंधार पडला की दोघांनाही तेच घर मोठं होतं.

खाली बसतो खरा, पण उठताना अजून पंचाईत होते. एक हात चौकटीला, एक हात सुंठीच्या पाठीवर. ती हलत नाही, मी उभा राहीपर्यंत.

डॉक्टर मॅडमना विचारलं, हिचं वय काय असेल. म्हणाल्या, सात-आठ, नीट सांभाळली तर अजून बरीच वर्षं काढेल. ऐकून आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटली. तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. तू गेल्यापासून प्रेशरची गोळी मी मनाला येईल तेव्हा घेत होतो. चक्कर आली तर आली, असं चाललं होतं. घाई नव्हती, पण राहायचंही कशासाठी, असं वाटायचं.

आता कालपासून गोळी जेवणाच्या ताटातच ठेवतो. मला शब्द द्यायचा आहे, सुमन, तो असा. तू आम्हा दोघांना मागं ठेवून गेलीस. मी तिला मागं ठेवून येणार नाही. तिची वर्षं पुरी होईतो मी इथंच राहीन, रोज खाली बसेन, आणि तिच्या आधी माझा घास घेईन.

तुझा,
बबन