टपावर एक थाप म्हणजे थांब

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
भिंगारटोला वनविभाग, जि. गडचिरोली.

अर्जदार : शेख लियाकत शेख करीम, वाहनचालक, कुरूमटोला वनपरिक्षेत्र.

विषय : परिक्षेत्राच्या जुन्या जीपच्या केबिनमधील आवाज कमी करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) याच विषयावरील माझे चार अर्ज.
२) विभागीय कार्यशाळेचे पत्र, ज्यात उत्तर सोडून बाकी सर्व आहे.

महोदय,

१. सदर जीप मी सतरा वर्षांपासून चालवीत आहे. इंजिन व केबिन यांच्यामधला आवाज अडवणारा लोकरीचा नमदा उंदरांनी नेला, गिअरच्या दांड्याचे रबर फाटले, दारांना रबर उरलेच नाही आणि पायाखालचा पत्रा तर सुटून नाचतो. गाडी सुरू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचे असल्यास ती बंद करावी लागते, व बंद केल्यास ती ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. त्यामुळे या गाडीत आम्ही सहसा बोलत नाही.

२. कार्यशाळेचे म्हणणे असे की वाहन निर्लेखनास, म्हणजे भंगारात काढण्यास, पात्र झाले असल्याने त्यावर खर्च करता येत नाही, आणि दुसरे वाहन नसल्याने निर्लेखनही करता येत नाही. तेथील फोरमन धनराजभाऊ तोंडी म्हणाले, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला कोण लावते?" त्यांचेही खरे आहे. मात्र पत्राच्या शेवटी एक वाट दाखवली आहे. आवाजामुळे चालकाच्या कानांना इजा झाल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडल्यास विशेष बाब म्हणून विचार होऊ शकेल.

३. महोदय, ते प्रमाणपत्र जोडले तर गाडी शांत होईल, पण ती चालवायला मी नसेन. ज्याचे कान गेले त्याला शासकीय वाहन देत नाहीत, हे मला पत्र लिहिणाऱ्या बाबूंइतकेच ठाऊक आहे. निवृत्तीला सहा वर्षे आहेत. मुलगी आयशा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इकडे आड, तिकडे विहीर, म्हणून मी प्रमाणपत्राऐवजी बारदान शोधले.

४. गेल्या हंगामातील तेंदूपत्त्याचे फाटके बारदान भांडारात पडून होते. भांडारपालांच्या परवानगीने ते मी दारांत भरले, पायाखाली अंथरले व टपाला आतून दोन पदरी शिवले. आवाज निम्म्यावर आला. मी दोन दिवस खुशीत होतो, आणि इथेच माझी अक्कल चरायला गेली.

५. कारण आमच्या गाड्यांचा एक रिवाज आहे. मागे उभा असलेला माणूस टपावर एक थाप मारतो तेव्हा थांबायचे, दोन मारतो तेव्हा निघायचे. हत्ती या भागात आल्यापासून वनमजूर पोचू आत्राम मागे उभा राहून माग पाहतो. दि. ११ नोव्हेंबरच्या सकाळी नाल्यात मी गाडी पहिल्या गिअरवर घेतली. पोचूने एक थाप मारली, वेग कमी झालेला पाहून गाडी थांबतेच आहे असे समजला, आणि ताजी लीद पाहायला खाली उतरला. मी पुढे निघून गेलो. चार किलोमीटरवर गावात पोहोचून मागे पाहिले, तर मागे कोणी नाही.

६. परतलो तेव्हा पोचू मोहाच्या झाडावर होता आणि कळप नुकताच नाला ओलांडून गेला होता. त्याच्या पायाची सालटी निघाली होती. तो एवढेच म्हणाला, "लियाकतभाऊ, मी एवढा बोंबललो, तुमाले ऐकूच नाई आलं काय?" मी म्हणालो, बारदानामुळे. परिक्षेत्र कार्यालयातही मी तेच लिहून दिले.

७. तरीही पोचूने आपल्या जबाबात लिहून दिले, "थाप मारायची मीच विसरलो." का, ते मी विचारले. "तुमची नोकरी पक्की हाय जी, माह्या रोजीचं काय, आज हाय, उद्या नाई." आता निष्काळजीपणाबद्दल त्याला कामावरून कमी करण्याची नोटीस निघाली आहे, आणि मला फक्त बारदान काढण्याचा आदेश आहे.

८. आदेशाप्रमाणे मी बारदान काढले. मग इंजिन बंद ठेवून केबिनमध्ये बसलो, काचा वर केल्या व पोचूला मागून थापा मारायला सांगितले. किती मारल्या ते तो उतरून विचारणार होता. मी वाट पाहत बसलो, की आता मारेल. तो खिडकीशी आला तेव्हा त्याचा तळहात लाल झाला होता. तो काही बोलला नाही, की बोलला, तेही मला सांगता येणार नाही.

९. महोदय, बारदानाचा दोष नव्हता. चंद्रपूरला कानांची तपासणी मी जानेवारीतच केली आहे. दहा महिने तो कागद जाहिदालाही, म्हणजे माझ्या पत्नीला, दाखवला नाही. ती रोज म्हणते, "हळू बोला ना जी, मी काई नदीपल्याड नाई." आणि मी तिच्यावरच चिडतो. मला भीती वाटते, महोदय. सतरा वर्षे मी दुसरे काही केलेले नाही. पण पोचू झाडावर चढू शकला नसता, तर हा अर्ज मी कोणत्या हाताने लिहिला असता?

१०. सबब विनंती, की पोचू आत्राम याची नोटीस रद्द करावी, कारण थाप त्याने मारली होती. उद्यापासून मला गाडीवर पाठवू नये. नाक्यावर फाटक उघडण्याचे काम असल्यास द्यावे, गाड्या मला दिसतात.

आणि विषयात नमूद केलेली मागणी कायम ठेवावी. आता तर प्रमाणपत्रही जोडले आहे. माझ्या जागी जो येईल, त्याचे कान अजून शाबूत असतील.

आपला, आजपर्यंतचा चालक,
(सही)
शेख लियाकत शेख करीम
दि. १९ नोव्हेंबर २०२४

सोबत : १) कान तपासणीचा अहवाल, मूळ प्रत. २) गाडीची किल्ली.