एका घरचे दोघे एका बोटीत नाहीत

बाबा, तुम्ही आपल्या घरची माणसं मनात मोजून ठेवली होतीत हे मला आत्ता ह्या वयात कळलं, आणि तेव्हापासून मी सुन्नच आहे. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे नव्हे, ते चौथीतही वाकडंच होतं. पण आधी आनंदाची बातमी. तुमची पणती, माझ्या लेकीची लेक, फौजेत साहेब आहे. पोरगी साहेब! दिल्लीला ऑफिसात बसते, बाहेरचा शिपाई तिला सलाम ठोकतो. मी तलासरीला लेकीकडेच राहते आता, जावई शाळेत मास्तर आहेत. इथे बाजारात कुणी नुसतं "बरं आहे ना?" विचारलं तरी मी नातीवरच येते. लेक म्हणते, "आई, लोक भाजी घ्यायला आलेत गं." असू देत की. भाजी काय पळून जाते?

ती चार दिवसांच्या रजेवर आली तेव्हा इथे भूकंपाचे धक्के चालू होते. हो बाबा, आपल्याकडे भूकंप. भांडी वाजायची, भिंतीला भेगा. म्हणून आम्ही चूल अंगणात मांडलेली, वर ताडपत्री. मी किनाऱ्यावरच्या वरोरहून आलेले सुके बोंबील भाजत होते आणि ती पाटावर बसून तांदळाची भाकरी खात होती, एकीकडे फोनवर. "सर, आकडा मी हवेतून नाही काढला," असं काहीतरी. फोन ठेवला तर चेहरा उतरलेला. मी विचारलं, "तू तिथे नेमकं करतेस काय गं? मी तर सगळ्यांना सांगते, नात तोफा बनवते." ती हसली. म्हणाली, "आजी, पंधरा वर्षांनी फौजेला काय काय लागेल ते आम्ही आज लिहून काढतो."

"पंधरा वर्षांनी? म्हणजे लढाई ठरलीय?"

"ठरली असती तर पंधरा वर्षं कोणी दिली असती?"

मग सांगत बसली. रणगाडा घेतला तर तो आरमाराच्या जहाजात मावला पाहिजे, जहाज ज्या किनाऱ्याला लागेल तिथल्या गाळाला तो पेलला पाहिजे, डोंगरावर माणूस चढवला तर त्याचे बूट, त्याचं अन्न, त्याला शिकवणारा, सगळं आधी तयार पाहिजे. एकाने टोप आणायचा, दुसऱ्याने झाकण, आणि दोन्ही एकमेकांवर बसले पाहिजेत. मला फार आवडलं. म्हटलं, ही तर संसाराची अक्कल, ती फौजेलाही लागते तर! मग मी लाडाने विचारलं, "आणि तुझ्या वाट्याला काय गं त्यातलं?" तर ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "लढाई झाली तर किती जण परत येणार नाहीत, किती जखमी होतील, तो रकाना माझ्याकडे आहे."

बाबा, माझ्या हातातला चिमटा निखाऱ्यात पडला. ज्या पोरीला मी मांडीवर घेऊन घास भरवला, ती आज जिवंत असलेली, घरी जेवत असलेली पोरं मोजते आणि खाली आकडा लिहिते? मी नको ते बोलले. "जीभ कशी झडत नाही तुझी? कुणाच्या आईची लेकरं ती!" लेक धावत आली, तिला वाटलं पुन्हा धक्का बसला. मग नातीने हळूच सांगितलं की वरचे साहेब म्हणतात आकडा फार मोठा दिसतो, कमी कर. सोमवारी तिला सही करायची आहे. नाही केला कमी, तर तिला तिथून हलवतीलही. मी म्हटलं, "मग साहेब शहाणा आहे तुझा. कर की कमी! तेवढी तरी लेकरं वाचव." तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मीच काही भयंकर बोलले. "आजी, आकडा कमी केल्याने माणसं नाही वाचत. त्या आकड्यावरून डॉक्टर ठरतात, रक्ताच्या पिशव्या ठरतात, उचलून आणायच्या गाड्या ठरतात. मी दहा कमी लिहिले तर दहा जण पडलेत तिथेच पडून राहतील."

आणि बाबा, मला दादा आठवला.

तुम्ही तांडेल, बोटीवर शब्द तुमचा, बोटही तुमची, आणि दादाला मात्र तुम्ही दुसऱ्याच्या बोटीवर पाठवायचात. तो रडायचा, आई भांडायची, गावात हसायचे की बापाचा लेकावर भरवसा नाही. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली खेप. मी नऊ वर्षांची. दादाला मीच तुमच्या बोटीत जाळ्याखाली लपवला, वर पाटीही ठेवली. मी किनाऱ्यावर उभी, पोटात हसू मावत नाही, आणि बघते तर बोट वळतेय. सगळ्या बोटी पुढे चालल्यात आणि तुमची एकटी मागे येतेय, बोट बाहेर नेणारं ओहोटीचं पाणी हातचं घालवून. तुम्ही दादाला दंडाला धरून उतरवलंत आणि मला एवढंच म्हणालात, "पुन्हा असं केलंस तर किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही." कारण दिलं नाहीत. मला वाटायचं तुम्ही आडमुठे.

आता कळतं. एक बोट गेली तरी घरात एक पुरुष उरावा, असा तुमचा हिशोब. पुढे समुद्राने कुणालाच नेलं नाही, तुम्हीही घरी खाटेवर गेलात, दादाही म्हातारा होऊन खाटेवरच गेला, म्हणून तो हिशोब कधी कुणाला दिसलाच नाही. पण रोज सकाळी चहा पिता पिता तुम्ही आम्हाला असं मोजत होतात? माझ्याकडे बघून हसायचात तेव्हाही? ह्याचा धक्का मला त्या भूकंपापेक्षा मोठा आहे, बाबा.

मी नातीला हे सगळं सांगितलं. ती डोळे पुसत ऐकत होती, पण तिला अजून काहीतरी हवं होतं, हे मला दिसत होतं. म्हणून मी म्हटलं, "माझे बाबा मला म्हणाले होते, पोरी, जो मोजायला घाबरतो त्याच्या बोटीत बसू नये." तिने ते लगेच डायरीत उतरवून घेतलं.

सोमवारी तिने आकडा तसाच ठेवला. संध्याकाळी फोन आला, आवाज थकलेला पण खणखणीत. "साहेब भडकले गं आजी. मग मी त्यांना पणजोबांचं वाक्य ऐकवलं. म्हणाले, कुठल्या हुद्द्यावर होते? मी म्हटलं, तांडेल. मग त्यांनी फाईल तशीच वर पाठवली." पुढे तिचं काय होणार, तिलाही ठाऊक नाही. मी मात्र दिवसभर पदर तोंडाला लावून हसत होते आणि मधेच रडत होते.

कारण तुम्ही असं कधीच बोलला नव्हतात. तुम्ही तर चार शब्दही धड बोलायचा नाहीत. ते वाक्य माझं होतं बाबा, चुलीपुढे बसून जमवलेलं. तिला मी हे सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.